धोंड्याच्या महिन्यात सायकलने पाचोड

आम्ही निघालो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते आणि प्रमोद रस्त्याच्या कडेला उभा राहून आम्हाला मांड्या ताणायला लावत होता. दूधवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "वहिनी, सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "ठीक आहे, पाचोडला चाललोय." त्याने तीन सायकलींकडे पाहिलं आणि दुधाची पिशवी गेटला अडकवून निघून गेला.

प्रमोद म्हणजे माझा नवरा. एका कारखान्यात दर्जा तपासण्याच्या खात्यात आहे. दिवसभर नटबोल्टांत खोट काढतो आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्यात. मी क्रांती चौकाजवळच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. म्हणजे दिवसभर मी लोकांचं रक्त काढते आणि सुट्टीत प्रमोद माझं आटवतो. आमची मुलगी सई तेरा वर्षांची. तिला दोघांचं काहीच पटत नाही.

यंदा मार्चमध्येच प्रमोदने फ्रिजवर तक्ता लावला. 'उन्हाळी आव्हाने.' सलग तीस दिवस पहाटे गोगाबाबा टेकडी. एका सकाळी देवगिरी किल्ला दोनदा. खुलताबादहून म्हैसमाळ पायी. आणि शेवटी, माझ्या माहेरी, पाचोडला सायकलने. अंतर पन्नास किलोमीटर. खाली लाल पेनने नियम लिहिला होता: 'जो वाहनात बसेल तो बाद.'

टेकडी झाली. विसाव्या दिवशी तिथली कुत्री आम्हाला ओळखायला लागली. देवगिरीवर दुसऱ्या फेरीला अंधारीतून (किल्ल्यातला काळोखा वळणदार बोगदा) वर येताना प्रमोद आम्हाला श्वास कसा घ्यायचा ते सांगत होता, तेवढ्यात बाहेर बसलेल्या माकडाने त्याच्या हातातली खजुराची पुडी नेली. ती त्याने 'शेवटच्या चढाची ताकद' म्हणून जपून ठेवली होती. शेवटचा चढ मग ताकदीशिवायच चढलो. म्हैसमाळला सईच्या बुटाचा तळवा सुटला. तो दोरीने बांधून तिने उरलेली वाट पार केली. हे सगळं मी मुकाट्याने केलं. माझं सगळं लक्ष चौथ्या ओळीकडे होतं.

त्याचं कारण सांगून टाकते. आमचं घर पाचोडच्या पुढे चार किलोमीटरवर, मोसंबीच्या बागेत. मी आठवीत आणि भाऊ सातवीत असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवी सायकल आणली. ती भावाला दिली. मी मागितली तर म्हणाले, "पोरीची जात. पडली-बिडली तर काय करायचं?" भाऊ सायकलवर शाळेत जायचा आणि त्याचं दप्तर जड होतं म्हणून तेही मीच न्यायची. दहावीपर्यंत मी रोज आठ किलोमीटर चालले. त्यामुळे प्रमोदच्या टेकड्यांचं मला फारसं कौतुक नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी, या एप्रिलमध्ये, मी कॉलनीच्या मैदानावर सायकल शिकले. अण्णांच्या समोर सायकलवरून जाऊन उभं राहायचं, एवढंच मला करायचं होतं. घरी कुणाला हे सांगितलं नव्हतं. आईला फक्त "आम्ही येतोय" एवढंच कळवलं होतं.

एक अडचण मात्र होती. मला मिळालेली सायकल प्रमोदची जुनी, तिची सीट गंजून वर अडकलेली. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. चालवता यायची, वळवता यायची, पण चढायला आणि उतरायला ओटा, दगड, दुभाजक, काहीतरी लागायचं. मैदानाला कट्टा होता, त्यामुळे महिनाभर हे फारसं जाणवलं नाही. एकदा कट्टा चुकला तेव्हा गुडघा फुटला.

प्रमोदने या मोहिमेसाठी पाच दिवसांचं तापमान पाहिलं, वारा कुठून वाहतो ते पाहिलं, रस्त्याचा चढउतार कागदावर काढला. पंचांग तेवढं पाहिलं नाही. यंदा अधिक महिना, आपल्याकडचा धोंड्याचा महिना, नेमका सुट्टीत आला होता. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला सासरी बोलावून धोंडे (पुरण भरून उकडलेले कणकेचे उंडे) खाऊ घालतात आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. आणि बीड रस्त्यावर झाल्टा फाट्यापासून पाचोडपर्यंत माझे नातेवाईक पेरल्यासारखे उगवलेत.

तरी कुणाला कळलं नसतं. पण सईने निघतानाचा फोटो मामाकडच्या ग्रुपवर टाकला. फोटोत हेल्मेट घातलेला प्रमोद. मी कोपऱ्यात होते, तिथे माझा अर्धा हात आला होता.

चित्तेपिंपळगावला पोचलो तर माझी मावशी हमरस्त्यावर उभी. एका हातात कुंकवाची कोयरी, दुसरा हात वाहतूक पोलिसासारखा वर.

"जावईबापू! दारावरून जाता व्हय? धोंड्याच्या महिन्यात?"

"मावशी, आम्ही परत येताना..." प्रमोद घड्याळाकडे पाहत म्हणाला.

"येताना येताना काय लावलंय? आत्ता चला. लई नाय, दोन घास."

दोन घास म्हणजे चार धोंडे, वर तुपाची वाटी आणि आमरस. प्रमोद तिसऱ्यालाच हात आडवा धरत होता. मावशीने त्या हातावरच चौथा ठेवला. "ताटात टाकू नका हं, विष्णूचं असतं." सईनेही दोन खाल्ले. मी ओट्याला पाय टेकवून सायकलवरच बसले होते. मला कुणी आग्रह केला नाही. लेकीचं काय, ती घरचीच. मला ग्लासभर पाणी आणि अर्धा धोंडा मिळाला. या महिन्यात लेक असणं प्रकृतीला किती चांगलं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आडूळपर्यंत प्रमोद एका शब्दानेही श्वासाबद्दल बोलला नाही. आडूळला माझा चुलतभाऊ रावसाहेब रस्त्यावर हजर होता. मागे वहिनी ताट घेऊन.

"दादा, नको रे," मी म्हणाले. "मावशीकडे झालंय."

"मावशीचं जेवला आन आमचं नाय? मंग आमी काय परके?"

प्रमोद जेवला. जेवून उठला, हेल्मेट घातलं, सायकलपर्यंत गेला आणि तिथून वळून लिंबाच्या सावलीत जाऊन आडवा झाला.

"मला वाटतं पाणी कमी पडलं," तो डोळे मिटून म्हणाला.

"पाण्याला जागाच कुठेय पप्पा?" सई म्हणाली आणि तीही शेजारी आडवी झाली.

साडेनऊ वाजले होते. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. रावसाहेबाने मोसंबीचे क्रेट उतरवून पिकअप दारात लावली. दोन सायकली चढल्या, सई पुढे बसली, प्रमोदला दोघांनी धरून बसवलं. बसताना त्याने माझ्याकडे पाहिलं. नियम त्याच्याच हाताने लाल पेनने लिहिलेला होता. मी त्याचं हेल्मेट त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं.

"चल, तुझी बी सायकल टाक," रावसाहेब म्हणाला.

"मी सायकलवर येते."

"एकटी? येडी का काय तू? अठरा किलोमीटर हाय अजून. अण्णा मला उभा सोलतील."

"नाही सोलणार. तू पुढं जा, आणि त्यांना काही सांगू नको."

"आन मधी काय झालं तर?"

"दादा, मला फक्त त्या ओट्यापर्यंत सायकल नेऊ दे. चढायचं आहे."

तो कपाळावर हात मारून पिकअपमध्ये बसला. जाताना सईने खिडकीतून डोकं काढलं. "मम्मा, आता फक्त तूच उरलीस हां!" ती हे चिडवायला म्हणाली की कसं, मला कळलं नाही. पण मला ते पुढे बराच वेळ पुरलं.

आडूळ ते पाचोड हा रस्ता मी आयुष्यात शेकडो वेळा एसटीच्या खिडकीतून पाहिला आहे. खिडकीतून तो सपाट दिसतो. तो सपाट नाही. दोन्हीकडे नांगरून टाकलेली काळी रानं, मधूनच मोसंबीची हिरवी बाग, आणि पाठीमागून येणारा प्रत्येक ट्रक मला हॉर्न देऊन जायचा. तोंडाला फुफाटा, पाठीला घाम. एका चढावर पाय इतके भरून आले की मी मोठ्याने रडले. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे मनसोक्त रडले. उतरून थोडं चालावं असं फार वाटलं, पण उतरायला जवळपास एक दगड नव्हता. म्हणून चढ पार झाला. यात जिद्दीचा वगैरे काही भाग नाही.

पुढे एक रसवंती लागली. मी बाकड्यावर पाय टेकवून सायकलवरूनच रस मागितला. म्हाताऱ्या रसवाल्याने ग्लास वर दिला.

"खाली उतरा की ताई."

"नको. उतरले तर चढता येत नाही."

"आसं व्हय." त्याला हे अगदी पटलं. "कुण्या गावच्या?"

"पाचोडच्या," मी म्हणाले. वीस वर्षं मी सगळीकडे संभाजीनगर सांगते. त्या दिवशी तोंडातून पाचोड आलं.

पाचोडला बाजाराचा दिवस होता. हे मला माहीत होतं. बाजारात अण्णा भेटतील हेही. पण बाजारात ओटे कुठे आहेत, हा विचार मी केला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पालं, कांद्याचे ढीग, चपलांचे ढीग, शेळ्या, माणसं. पाय टेकवायला वितभर जागा नाही. मी घंटी वाजवत, "सरका, सरका" करत पुढे जात राहिले, कारण थांबता येत नव्हतं.

आणि अण्णा दिसले. पांढरी टोपी, माझ्याकडे पाठ, दोरवाल्यापाशी कासरा (बैलाची दोरी) ताणून बघत होते. घंटी ऐकून ते मागे न बघता बाजूला झाले. जसं कुठल्याही सायकलला होतात तसं.

महिनाभर मी या वेळी काय बोलायचं ते ठरवत होते. चांगली दोन-तीन वाक्यं तयार होती. प्रत्यक्षात मी ओरडले, "अण्णा, धरा! धरा!"

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण कासरा टाकून त्यांनी दोन ढांगांत मागचं कॅरिअर धरलं. सायकल थांबली. मी सीटवर, पाय अधांतरी, आणि अण्णा मागे कॅरिअर घट्ट धरून.

"तू?"

"मी."

"जावईबापू कुठंयत?"

"पिकअपमधून घरी गेले. धोंडे बाधले."

"आन तू ह्याच्यावर? संभाजीनगरहून?"

"व्हय," मी म्हणाले. शहरात मी 'हो' म्हणते.

दोरवाल्याने विचारलं, "अण्णा, कोन हो ह्या?"

"पोरगी माझी," अण्णा म्हणाले. त्यांनी कॅरिअर सोडलं नव्हतं. "उतर आता. धरलंय मी."

मी उतरले. त्यांनी अंगठ्याने मागचं चाक दाबून पाहिलं, "हवा कमी हाय," असं म्हणून सायकल शेजारच्या पंक्चरच्या दुकानात नेली आणि पोऱ्याच्या हातातला पंप घेऊन स्वतः हवा भरायला लागले. दम लागला तरी मला देईनात. मधेच, खाली बघतच म्हणाले, "आठवीत द्याया पायजे व्हती तुला."

मी वाकून पंपाची नळी धरली. वर पाहिलं असतं तर बाजारात रडू फुटलं असतं.

"पडशील म्हून भ्यालो व्हतो," ते म्हणाले.

"पडते की अण्णा. हा बघा गुडघा."

त्यांनी गुडघा पाहिला. "हळद लावली का?" एवढंच विचारलं आणि पुन्हा पंप मारायला लागले.

घरी प्रमोद ताक पीत पडवीत पडला होता. आईने कुंकू लावून त्याच्यापुढे तेहतीस अनारशांचं ताट ठेवलं. त्या ताटाकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्याने देवगिरीच्या चढाकडेही कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रमोद अनारसे घेऊन रावसाहेबाच्या पिकअपने गेला. सई माझ्याबरोबर सायकलवर निघाली. "बाद तर झालेच आहे, निदान अर्धं तरी," ती म्हणाली. दरवेळी निघताना अण्णा प्रमोदला सांगतात, "पोचल्यावर फोन करा." या वेळी त्यांनी मला चढेपर्यंत कॅरिअर धरलं आणि मला सांगितलं, "पोचली की फोन कर."

परतीला आम्हाला कुणी अडवलं नाही. मावशी बाहेर आली, जावई नाही हे पाहिलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "जा बाई, नीट जा." जावई नसला की रस्ता लवकर सरतो.

घरी फ्रिजवरच्या तक्त्यात चौथ्या ओळीत प्रमोदने आधीच स्वतःच्या नावापुढे 'बाद' लिहून ठेवलं होतं. तेवढा तो प्रामाणिक आहे.

इतकं फिरून काय मिळालं, असं सगळे विचारतात. मला एक वर्षानुवर्षं हवी असलेली गोष्ट मिळाली. उशिरा मिळाली याचा राग अजून गेलेला नाही, आणि मिळाली याचा आनंदही कमी होत नाही. दोन्ही एकाच सायकलवर बसून आले.

कॉलनीच्या गेटपाशी दुभाजकाला पाय टेकवून मी फोन लावला. सई पुढे आत गेली होती. पहिल्याच घंटीला अण्णांनी उचलला.

"पोचले अण्णा."

"उतरली कशी?"

"अजून उतरले नाही," मी म्हणाले.