दुखणार म्हणणाऱ्या सिस्टर

सिस्टर म्हटल्यावर तुम्हाला मऊ हात आणि 'मुंगी चावल्यासारखं होईल हं बाळा' असला गोड आवाज आठवला असेल. पुसा ते. आमच्या मोठ्या सिस्टरचा आवाज घाट चढणाऱ्या एसटीसारखा घोगरा. पोरगं सुई बघून रडायला लागलं की त्या सरळ सांगायच्या, "दुखणार. मी खोटं नाय बोलत." आणि गंमत म्हणजे पोरगं गप्प व्हायचं!

मी तेव्हा पेणला लसीकरण केंद्रावर कम्प्युटरमध्ये नावं टाकायचो आणि रिकाम्या वेळात त्यांची, बोलण्याआधीच्या खोकल्यासकट, नक्कल करायचो. त्या रोज रोह्याहून यायच्या, आणि दारातूनच ऐकायच्या. "खोकला कमी पडला रे मेल्या!"

कोरोनाची लस आली तेव्हा मात्र त्या दुसऱ्यांना टोचायच्या, स्वतः घेत नव्हत्या. बीपीच्या गोळ्या चालू, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. "मला ताप आला तर तिला उचलणार कोण? बीपीचं विचारलं तर वरून उत्तर नाय येत, टार्गेट येतं." बाकीच्या दोन सिस्टरही त्यांच्याकडे बघून थांबलेल्या. हमरापूरच्या गणपती रंगवणाऱ्या बायकांनी विचारलं, "तुमी घेतली का?" सिस्टर म्हणाल्या, "नाय." बायका आल्या तशा परत गेल्या. त्यांच्यातल्या जनाकाकीला दमा. मला तिचीच काळजी.

म्हणून मी शहाणपणा केला. केंद्राच्या फोनवरून, सिस्टरच्या आवाजात, नीट खोकून: "जनाकाकी, मी घेतली गो. काय नाय झालं. सगळ्यांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून बायका हजर. "सिस्टर, तुमचा फोन आला म्हणून आलो."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी कम्प्युटरमध्ये तोंड खुपसलं.

"फोन माझा नव्हता," त्या म्हणाल्या. "मी घेतलेली नाय. भीती वाटते."

बायका उठायला लागल्या. जनाकाकी हलली नाही. "मग आमी काय करायचं, सिस्टर?"

सिस्टर तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. "आत्ता नीट सांगा, माझ्या बीपीला चालेल का?" दार उघडंच होतं. डॉक्टर बीपी मोजून एकेक प्रश्नाचं उत्तर देत होते, आणि बाहेर बायका कान देऊन ऐकत होत्या. मग सिस्टर येऊन खुर्चीत बसल्या, बाही वर केली. टोचून झाल्यावर अर्धा तास सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या. कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

शेवटी जनाकाकीने दंड पुढे केला. "दुखंल का?"

"दुखणार."

संध्याकाळी मला सिस्टरचं बोलावणं आलं. "माझं चालणं कर, खोकणं कर. पण माझ्या आवाजात खोटं? पोरं माझ्यापुढे कशाने गप्प होतात, माहितेय ना तुला? आता उद्या मला ताप आला, तर पहिल्या गाडीने रोह्याला यायचं आणि सासूला उचलायचं. आणि तिच्याशी स्वतःच्या आवाजात बोलायचं. कळलं?"