पहिल्यांदाच आली

लेकीला फिट येते, हे मी दोन वर्षं डॉक्टरला सांगितलंच न्हाई. केदारखेड्याहून एसटीनं तिला जालन्याला न्यायचं आणि म्हणायचं, "हिला चक्कर येते." मंग सलाइन लागायची, रक्तवाढीची बाटली मिळायची. तिचे डोळे फिरतात, दातखीळ बसते, कपडे ओले होतात, यातलं चकार अक्षर मी काढलं न्हाई. गावात मिरगीचा बोभाटा झाला तर पोरीला करणार कोण? ही माझी अक्कल!

शेवटी जुन्या जालन्यातल्या एका डॉक्टरनं मला गप्प बसवून तिलाच विचारलं, "जीभ चावली जाते का?" पोरीनं तोंड उघडून दाखवलं. त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि बजावलं, "एक दिवसही चुकवायची नाही. अचानक बंद तर बिलकुल नाही." वर्षभर फिट आली न्हाई. मी जल्दी सोयरीक जमवली, नवीन जालन्यातला नोकरीवाला मुलगा. गोळ्यांचं त्यांना सांगितलं का? छे!

हळद लागली की नवरीला घडीभर कुणी एकटं सोडत न्हाई. गोळी घेताना कुणी पाहिलं तर? मी म्हणाले, "आठ दिवस राहू दे. सत्यनारायण झाला की सुरू कर."

"आई, डॉक्टर काय म्हणल्ते?"

"तुला लई कळतं!" मी डाफरले.

सत्यनारायणाला मी तिच्या सासरी गेल्ते. नवरानवरी सकाळपासून उपाशी. कथा चालू असताना ती नवऱ्याशेजारी पाटावरून कोसळली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथला डॉक्टर नवा होता. त्यानं मला विचारलं, "याआधी कधी आली होती? काही औषध चालू होतं?"

जावई बघत होता. विहीणबाई बघत होत्या. देवा, तेव्हा माझी जीभ का झडली न्हाई?

"न्हाई हो, पहिल्यांदाच."

डॉक्टर म्हणाला, "उपास, जागरण, लग्नाचा शीण. एखादी येते अशी. आत्ताच गोळ्या सुरू करायची गरज नाही."

विहीणबाईंनी हात जोडले. "मी म्हणतच होते, आमची सून धडधाकट हाय." जावई हसला. मीही हसले, मेलीनं.

लेकीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. जीभ सुजलेली, शब्द धड फुटेना. माझ्या कानाशी म्हणाली, "आई, आता मी गोळी कुणाला मागू?"