ओळखीचं इंजिन

शहाऐंशीच्या आंब्याला आमच्या ह्यांनी नवी व्हॅन घेतली. जुनी गाडी धडधडायची, धूर ओकायची. हिचं इंजिन नव्या धाटणीचं, आवाजच नाही. त्याचा तोरा ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त. वाडीतल्यांनी नेहमीसारख्या आपल्याही पेट्या आमच्याच गाडीतून मुंबईला धाडल्या.

गाडी कशेडी घाटात बंद पडली. घाटात कुणी अडलं की मागचा ड्रायव्हर थांबतोच, तसे बरेच थांबले. पण जो तो बॉनेटखाली डोकावायचा आणि पाना परत ठेवायचा. असलं इंजिन कुणी खोललंच नव्हतं. मुंबईचा मेकॅनिक येईपर्यंत आंबा थोडाच थांबतो? पेंढ्यातच सगळा नासला.

पुढच्या वर्षी ती विकून दुसरी घेतली. बॉडी कोरी, इंजिन मात्र पहिल्या गाडीसारखं, जुन्या धाटणीचं. कंपन्या अजून ही धुडं का बनवतात, असं मी शोरूममध्ये चिडून विचारलं.

"वहिनी, हे इंजिन कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री खोलतो. सामान राजापुरातही मिळतं. मालाच्या गाडीला आणखी काय हवं?" तिथला विक्रेता म्हणाला.

हंगामाची पहिली पेटी शेजारच्या काकीने आणली. नासलेल्या आंब्यांबद्दल ती वर्षभर चकार शब्द बोलली नव्हती. मीच विहिरीवर तिची नजर चुकवत होते. ह्यांनी गाडी सुरू केली. ती धडधड ऐकून काकी हसली.

"गेल्या साली त्या बिनआवाजाच्या गाडीत पेट्या देताना मी भ्यायलेले गो," ती म्हणाली. "पण तू केवढ्या हौसेत होतीस, म्हणून बोलले नाय."