एकेचाळीस रेघा

ग्रंथालयात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. शहरातल्या शाखांच्या संगणकांवर वाचक काय काय शोधतात, त्याच्या बिननावी याद्या दर महिन्याला त्यांच्याकडे येत आणि त्या विषयवार रेघा ओढून तक्ता करीत. एरवी त्यांना त्यात फारसा रस नसे. या महिन्यात मात्र होता. लेक नवऱ्याला घेऊन कायमची राहायला येणार होती. जावई दूरदेशचा, हाडांचा डॉक्टर, रंगाने काळाकुळकुळीत. लेकीने फोनवर एकच बजावलं होतं, "आई, त्याच्या पाठीमागे कुजबुज होणार नाही, अशा ठिकाणी घर बघ."

"वन्सं, आमच्या टेकडीवरच बघा," भावाची बायको म्हणाली. "सगळे शिकलेसवरलेले. नदीकाठी नको हो, तिथल्या बायका भारी फटकळ."

टेकडीवरची जागा जवळजवळ ठरली, आणि याद्या आल्या.

नदीकाठची शाखा: खोकल्यावर उपाय, गळका नळ, नोकरी, पुन्हा खोकला. काळ्या माणसांवरचे विनोद शोधणारे तिघे. टेकडीवरच्या शाखेतही एकूण वाचक नदीकाठाइतकेच. बागकाम, कविता आणि तेच विनोद. रेघा एकेचाळीस. शिवाय, 'काळा भाडेकरू गोड बोलून कसा टाळावा', सहा.

बाईंनी फोन लावला. "वहिनी, तुमच्याकडे एकेचाळीस!"

"छे! आमच्यात कोणी असलं बोलत नाही."

"बोलत नाहीत. शोधतात."

"बाहेरचं कोणी येऊन शोधत असेल."

"टेकडी चढून? विनोदासाठी?"

वहिनींनी फोन आपटला.

उरली बाईंची स्वतःची शाखा. तिच्या यादीत तळाला एक ओळ होती: 'काळा जावई नातेवाइकांना कसा सांगावा.' बाईंचे कान गरम झाले. दुपारच्या सुट्टीत ती त्यांनीच शोधली होती. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. खोडरबर उचललं, परत ठेवलं. इतक्या वर्षांत एक रेघ इकडची तिकडे केली नव्हती. मुकाट्याने रेघ ओढली आणि त्याच संध्याकाळी नदीकाठ गाठला.

"जावई काळा आहे," घरात पाऊल टाकण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं.

घरमालकीण भांडी विसळत होती. "ते आल्यावर दिसेलच की. घोरतो का, ते सांगा. मधली भिंत पातळ आहे."

हे बाईंच्या कुठल्याच यादीत नव्हतं. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला.

"तो नाही गं, आई," लेक म्हणाली. "मी घोरते."