टेबलाची उजवी कड

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर कचेरीतली उर्दू गेली आणि तिच्यामागोमाग एका गृहस्थांची जुनी कारकुनीही. छावणीतल्या हॉटेलात ते रोज माझ्यासमोर बसायचे, शेरवानीची सगळी बटणं लावून. घरात मराठी बोलत, पण शाळा उर्दूतली. नव्या नोकरीसाठी मराठी लिहिता यायला हवं होतं, म्हणून चहात बोट बुडवून टेबलावर अक्षरं गिरवायचे. उजवीकडून लिहायच्या सवयीनं बोट मात्र उजव्या कडेलाच टेकायचं. एक अक्षर काढलं की टेबल संपायचं.

न राहवून मी म्हणालो, “काका, डावीकडनं सुरू करा की.”

“कळतंय रे बाबा. पर सारी उमर हितनंच सुरू केलं. आता हितनं पुढं जागाच नाय.”

बाहीनं त्यांनी ते एकुलतं अक्षर पुसलं आणि बोट पुन्हा तिथंच टेकवलं.