फोईबांचं रडणं

इंदुवहिनींचं रडणं बडोद्यातल्या आमच्या मांजलपुरातलं शेंबडं पोरही काढून दाखवी. दूध उकळताना पातेल्यावरची ताटली थरथरावी तसा आधी एक बारीक आवाज. मग तो चढत चढत पार पत्र्याच्या छपरावर जाऊन बसायचा, आणि तिथून उतरताना एक उचकी. त्या उचकीवर थिएटर कोसळायचं. डभोईच्या टॉकीजमध्ये त्या उचकीला एका शेठची कवळी उडून पुढच्या रांगेत पडली, आणि ज्याच्या मांडीवर पडली तो ती हातात धरूनच हसत राहिला, हे मी अनेकांना सांगितलेलं आहे. माझी बायको म्हणते, मी ती कवळी दर वेळी वेगळ्या गावात उडवतो. उडवत असेन. उचकी मात्र खरी होती.

इंदुमती सबनीस म्हणजे गुजराती सिनेमातल्या फोईबा. फोई म्हणजे आत्या. त्या काळच्या गुजराती सिनेमात एक फेटेवाला हीरो, एक घडा घेतलेली हिरॉईन, एक मिशीवाला ठाकूर, आणि या तिघांच्या मधे मधे लुडबुड करून चिखलात पडणारी व भोकाड पसरणारी एक फोईबा, एवढी माणसं असली की सिनेमा तयार. हीरो बदलले, हिरॉइनींच्या मुली हिरॉइनी झाल्या, हीरोची घोडीसुद्धा म्हातारी होऊन गेली. फोईबा त्याच राहिल्या. घडियाळी पोळाच्या बाजारात भाजीला गेल्या तरी दोन्ही बाजूंच्या दुकानांतून ‘केम छो, फोईबा’ची लाट उठायची आणि वहिनी मान हलवत हलवत एखाद्या मिरवणुकीसारख्या पुढे सरकायच्या.

आमची आणि सबनिसांची भिंत एक. वसंतराव सबनीस सरकारी कचेरीत होते, त्यांचे वडील आणि आजोबा गायकवाडी दफ्तरात. त्या घरात तीन पिढ्या कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं, हे मी जरा वाढवून सांगतोय, पण फार नाही. अशा घरातली सून सिनेमात चिखलात लोळते, हे वसंतरावांनी कसं पचवलं, ते त्यांनाच ठाऊक. ते सिनेमाला जायचे, पण वहिनी पडल्या की उठून बाहेर सोडावाल्याशी जाऊन उभे राहायचे आणि रडणं संपलं की आत यायचे.

खरं म्हणजे वहिनी आल्या त्या रडवायला. गणेशोत्सवातल्या मराठी नाटकांत त्या राण्या आणि टाकलेल्या बायका करायच्या, आणि त्यांच्या मरणाच्या प्रवेशाला आमच्या बडोद्याच्या बायका घरून दोन दोन रुमाल आणायच्या. ते बघून एका गुजराती दिग्दर्शकानं त्यांना हीरोच्या विधवा आईचं काम दिलं. पादरा गावाजवळच्या एका तळ्यावर शूटिंग. पहिल्याच दिवशी, म्हशी बसून बसून गुळगुळीत झालेल्या काठावरून वहिनी खरोखरच घसरल्या आणि कमरेवर आपटल्या. कळ मस्तकात गेली आणि त्यांना रडू फुटलं. ताटली, छप्पर, उचकी. सगळं युनिट पोट धरून बसलं. दिग्दर्शकानं डोळे पुसले आणि म्हणाला, “आ ज राखो.” हेच ठेवा.

“सकाळी मी आई होते, भाऊजी,” वहिनी सांगायच्या. “दुपारी आत्या झाले.”

कमरेच्या मणक्याला चीर गेल्याचं पुढे कळलं. पण मला त्याहून वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते रडणं त्यांनी बसवलेलं नव्हतं. वहिनी रडायच्याच तशा. लहानपणापासून. देवानं एकेकाला एकेक आवाज दिलेला असतो. यांना रडण्याचा असा दिला. आता तो साऱ्या गुजरातच्या मालकीचा झाला.

गुजरात्यांत बारशाला बाळाचं नाव फोईनं ठेवायची रीत आहे. झालं, मांजलपुरात ज्याला सख्खी बहीण नाही तो वहिनींना बोलावू लागला. मग ज्यांना बहिणी होत्या तेही बोलावू लागले, आणि सख्ख्या आत्या कोपऱ्यात फुगून बसू लागल्या. आमच्या भागातली निम्मी पोरं वहिनींनी नाव ठेवलेली आहेत. उरलेली निम्मी त्या गावाला गेलेल्या असताना जन्मली. नाव ठेवून झालं की कुणीतरी लाडात येऊन म्हणायचं, “फोईबा, एक वार पडी बतावो ने.” वहिनी आधी फरशीकडे बघायच्या, जाणकार माणूस कापड बघतो तसं. पदर खोचायच्या आणि पडून दाखवायच्या. मग रडून. मग कमरेला हात लावत उठून, पेढ्याचा तुकडा मोडून, घरी.

“कशाला पडता?” माझी बायको चिडायची.

“लोक हसले म्हणजे दिवस भरला,” वहिनी म्हणायच्या. “घरी जायला मोकळी.”

पण एक हट्ट त्यांनी सोडला नव्हता. आपण रडावं आणि कुणी हसू नये, असा एक सीन. एकच. प्रत्येक दिग्दर्शकाजवळ त्यांनी हा विषय काढला असेल, आणि प्रत्येक जण ‘चोक्कस, फोईबा’, म्हणजे नक्की, असं म्हणून त्यांना चिखलाकडे घेऊन गेला असेल.

मग टीव्हीचे दिवस आले आणि एका मालिकेत त्यांना खरंच आईचं काम मिळालं. मुलगा परत येत नाही आणि आई रडते, असा प्रसंग. वहिनींनी त्यासाठी नवं रडणं तयार केलं. तोंड मिटून, आवाज न काढता, नुसते खांदे. रोज दुपारी स्वयंपाकघरात तालीम. माझी बायको खिडकीतून बघायची आणि त्या दिवसांत आमच्या कणकेत मीठ घालायची गरज पडली नाही. शूटिंगच्या दिवशी वहिनींनी ते करून दाखवलं. दिग्दर्शक माझ्या मुलाच्या वयाचा, फार आदबशीर. त्यानं हात जोडले. “बहु सरस, बा. पण लोकोने तो तमारुं असल जोईए.” लोकांना तुमचं ते अस्सलच हवं. असल म्हणजे कुठलं, असं वहिनींनी विचारलं, तर त्यानं ते स्वतः काढून दाखवलं. उचकीसकट. दिवे धरणारी माणसंही हसली. वहिनींनी मग त्याला हवं ते दिलं.

संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा समोर निवून गेला.

“माझं खरं त्यांच्याकडे आहे, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे खोटं उरलंय, आणि ते कुणाला नकोय.”

त्यानंतरच्या थंडीत वसंतराव गेले. खुर्चीत पेपर वाचता वाचता, कुणाला तसदी न देता. बडोद्यात आम्ही मराठी लोकही गुजराती रीतीनं बेसणं ठेवतो. फोटोला हार, पांढरे कपडे, संध्याकाळी दोन तास लोक येतात, बसतात, हात जोडून जातात. फोईबांचे मिस्टर म्हणून माणसं लोटली. वहिनी फोटोशेजारी बसल्या होत्या आणि समोर बायकांच्या रांगा. त्या सगळ्या वहिनींच्या तोंडाकडे बघत होत्या. दुष्टपणानं नाही हो, सवयीनं. वीस वर्षं त्या तोंडाकडे बघितलं की पुढे काय होतं ते त्यांच्या अंगात भिनलं होतं. एका म्हातारीच्या ओठांचे कोपरे हलताना मी पाहिले. तेवढ्यात वहिनींच्या गळ्यातून ती ताटली थरथरल्याचा आवाज आला. अगदी बारीक. त्यांनी पदराचा बोळा तोंडात घातला, उठल्या आणि आत गेल्या.

माझी बायको मागोमाग गेली. वहिनी पिठाच्या डब्यावर बसून तांब्यावर तांब्या पाणी पीत होत्या.

“आवाज फुटला असता तर ह्यांच्या बेसण्यात लोक हसले असते,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. तेराव्यापर्यंत नाहीत, नंतरही नाहीत. बाहेर लोक म्हणाले, बाई मोठी धीराची.

एका सिनेमाचं काम अर्धं राहिलं होतं. दिग्दर्शक थांबायला तयार होता, पण वहिनीच म्हणाल्या, उरकून टाकू. एकटीला पाठवायचं नाही म्हणून बायकोनं मला बरोबर दिलं. पुन्हा पादऱ्याकडचंच एक तळं, पुन्हा म्हशी. मी लिंबाखाली एका पेटीवर बसलो. वहिनींनी जमीन बघितली, पदर खोचला आणि पडल्या. छान पडल्या. मग रडायला लागल्या.

आधी मला काही कळलं नाही. आवाज चढला, उचकी आली, युनिट खिदळलं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला. वहिनी थांबल्या नाहीत. तो पुन्हा ‘कट’ म्हणाला. त्या दोन्ही हातांनी चिखल बडवत होत्या आणि उचकीमागून उचकी येत होती. कॅमेरावाल्यानं हसत हसत पुन्हा चालू केलं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मी पेटीवरून उठलो नाही. उठलो असतो तर ते थांबलं असतं, आणि ते थांबायला नको होतं. कितीतरी वेळानं वहिनी आपल्या आपण गप्प झाल्या, तळ्याच्या पाण्यानं तोंड धुतलं. दिग्दर्शक त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, असं तर फोईबा तुम्हीसुद्धा कधी केलं नव्हतंत.

परतताना जीप घराजवळच्या मकरपुऱ्यात शिरली. तेव्हा वहिनी म्हणाल्या, “घरी रडले असते तर सगळे पाणी घेऊन धावले असते. इथं कुणी मधे आलं नाही.”

सिनेमा लागला तेव्हा वहिनी गेल्या नाहीत. मी गेलो. तो सीन आला आणि थिएटर फुटलं. मला पडद्याकडे बघवेना म्हणून मी मागे वळून बसलो. माझ्या मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, तपकिरी साडीतली एक म्हातारी होती. ती हसत नव्हती. शेजारची सून खिदळत होती, तिच्या गुडघ्यावर म्हातारीनं हात दाबला आणि म्हणाली, “चूप. आ तो साचुं रडे छे.” ही खरंच रडतेय.

मी मध्यंतरालाच निघालो आणि स्कूटर थेट सबनिसांच्या दारात लावली. वहिनी मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“तुम्ही फार चांगले आहात, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “बसा, चहा टाकते.”

मी शपथा घेतल्या. आईची, मुलांची, अंबामातेची. जितक्या जास्त घेतल्या तितकं ते जास्तच खोटं वाटू लागलं, मलासुद्धा. वहिनींनी दोन-तीन काड्या निवडल्या.

“एकच होती?” त्यांनी विचारलं.

“एकच.”

त्यांचा हात मेथीत थांबला. “तुम्ही रचली असती तर अख्खं थिएटर रडवलं असतंत,” त्या म्हणाल्या. मग, खालीच बघत, “कुठं बसली होती म्हणालात?”

आणि मी तीच गोष्ट, एक अक्षरही न वाढवता, पुन्हा पहिल्यापासून सांगितली.