अफूचा एक वळसा

साखराबाई कापसाच्या जिनातल्या बायांची लेकरं अफूवर निजवते, असं अर्ध्या लातुरात बोलत. मुकादमाची बायको हे सांगायच्या आधी पदर तोंडाला लावी आणि मग नाकातून सुरू करी, "आमी न्हाई बाई कुणाला नाव ठिवीत, पर एका पत्र्याखाली इतकी लेकरं, अन् गप कशी निजतेत ती?" 'गप'वर ती अशी थांबे, की ऐकणारीनं आपणहून डोळे मोठे करावेत.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. लेकरं गप निजत नव्हती, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. बाबा जिनात कारकून, आमचं बिऱ्हाड जिनाच्या भिंतीला लागून, आणि भिंतीपलीकडे साखराबाईचा पत्रा. सुगीत कापसाच्या गाड्या लागल्या, की तिथं दिवसभर एकाचं थांबलं तर दुसऱ्याचं चालू. भुकेचं रडणं खालून वर चढतं, पोटदुखीचं वरूनच सुरू होतं आणि मुंगी चावल्याचं मधेच तुटतं. मला तिन्ही येतात. एकदा मी भिंतीवरून भुकेचं रडले तर सरकी काढायच्या चरकावरच्या दोघी पदर सावरत धावत आल्या होत्या. त्याबद्दल आईनं मला चांगलं झोडपलं.

अफू न देता इतकी लेकरं सांभाळायची म्हणजे सांभाळणारीनं झोप सोडायची, आणि साखराबाईनं ती सोडली होती. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांबूला टांगलेल्या, प्रत्येक झोळीची दोरी तिच्या हाताच्या नाहीतर पायाच्या कुठल्या तरी बोटाला बांधलेली, आणि मधे ती, भिंतीला टेकून. जे लेकरू कुरकुरेल त्याचं तेवढं बोट हले. घरी गेल्यावर चार घरची दळणं होतीच. त्यामुळे ती बोलता बोलता झोपे. "त्या शेंगा," म्हणे, आणि शेंगांवरच मान टाकी. बोटं हलत राहत. आपण उठून जावं की नाही असा विचार करीपर्यंत तिचा एक डोळा उघडे आणि वाक्य पुरं होई, "नीट भाजल्या न्हाईत." ही नक्कल मी घरी केली की बाबा हसत. आई हसत नसे. ती म्हणे, त्या बाईला एकदा कुणीतरी आडवं होऊ द्या.

"बेजार झाले गं माय," हे साखरामावशीचं दिवसातून कितीदा होई. सकाळचं बेजार उभं असे, दुपारचं बसलेलं, आणि संध्याकाळच्यात तर 'बे' तेवढा ऐकू येई.

अफू काही चोरून आणायची वस्तू नव्हती. ठेक्याच्या दुकानात उघड मिळे. बाळगुटी उगाळताना सहाणेवर वेखंड फिरवतात, जायफळ फिरवतात, तसाच शेवटी अफूचा एक वळसा. लेकरू निजतं आणि आई भोंग्याबरोबर फाटकात उभी राहते. मावशीही पूर्वी देई. ते तिनं माझ्यापासून लपवलं नाही. मग एका सुगीत कुणाचं तरी लेकरू दिवेलागणीपर्यंत उठलंच नाही, आणि उठलं ते कसंबसं. कुणाचं, ते ती सांगत नसे. तेव्हापासून सकाळी झोळीत लेकरू घेताना ती प्रत्येकीला विचारी, घरून काही दिलं का. प्रत्येक जण न्हाई म्हणे.

तारामतीही न्हाईच म्हणाली होती. ती कापूस निवडायला होती. बाळंत होऊन महिना होतो न होतो तोच मुकादमानं निरोप धाडला, की येत असशील तर ये, जागेवर दुसरी तयार आहे. ती आली. लेकराचं नाव सिद्धेश्वर, म्हणजे सिद्धू. घरी सासू, केवळाबाई, त्याला रोज तेल-हळदीनं चोळून आंघोळ घाली. लेकरू कसं पिवळंजर्द दिसे. मावशी दोरी बांधता बांधता म्हणायची, किती हळद लावता गं, लगीन हाय का ह्याचं?

त्या दिवशी सिद्धू निजलेलाच आला. पाजायच्या वेळी बाया आल्या, गेल्या. तारामतीला मात्र मुकादमानं गाडी उतरवायला धरलं होतं, म्हणून ती आली नाही. सिद्धू भुकेला होता आणि तरी रडला नव्हता. मी तेव्हा भिंतीवर बसून होते. मावशीचं बाकीचं सगळं अंग हलत होतं, सिद्धूची दोरी बांधलेलं डाव्या पायाचं धाकटं बोट तेवढं स्वस्थ. तिनं त्या बोटाकडे पाहिलं. मग भराभरा दोऱ्या सोडल्या.

त्याला उचललं तर मान मागे पडली. तिनं पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी बारीक झालेली, आणि भोवती जिथं पांढरं असायचं तिथं पिवळं.

"हळद डोळ्यात कोण लावतं?" ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे, पत्र्याखाली तेव्हा मोठं माणूस दुसरं नव्हतं.

झाडूवाल्या गुरम्माला बाकीच्या झोळ्या दिल्या, मला तारामतीला बोलवायला पिटाळलं, आणि ती चालू लागली. सरकारी दवाखाना काही जवळ नव्हता. गंजगोलाईच्या बाजारापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग, बैल सोडून गाडीवान खाली पेंगत बसलेले. आम्ही दोघी मागून पळत पोचलो तेव्हा मावशी रांगेच्या कडेनं चालत होती आणि दर चार पावलांनी सिद्धूच्या तळव्यावर टिचकी मारत होती. टिचकी बसली की तो श्वास घेई. नाही मारली की विसरे.

डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे. मिशी बारीक, आवाज त्याहून बारीक. त्यांनी नळी घालून सिद्धूचं पोट जांभळ्या पाण्यानं धुतलं आणि सांगितलं की पोटात फारसं उरलेलंच नाही, जायचं ते रक्तात गेलं आहे. मग विचारलं, अफू कुणी दिली.

तारामतीच्या केसात सगळा कापूस, भुवया पांढऱ्या. म्हातारीच दिसत होती. खाली मान घालून म्हणाली, पहाटे एकच वळसा दिला जी, मुकादमाच्या धाकानं. एवढ्यात केवळाबाई धापा टाकत पोचली. तिला वाटेत कुणीतरी सांगितलं असावं. ओसरीची पायरी चढता चढताच तिनं कबुली दिली, "साहेब, म्या एकच वळसा दिला व्हता. गुटीत. रोजच्यावानी."

सासू-सून एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींनी रोज एकेक वळसा द्यायचा आणि दोघींनी एकमेकींपासून तो लपवायचा, असं किती दिवस चाललं होतं देव जाणे.

डॉक्टरसाहेब रागावले नाहीत. खुर्चीवर बसले, डोळे चोळले. दवाखान्यात त्या दिवशी हिवतापाच्या माणसांची ओळ बाहेरपर्यंत होती. ते म्हणाले, "बच्चे का जिगर अभी कच्चा है. अफीम को वोइच तोडेगा, मेरे पास दवा नहीं. तब तक साँस भूलने नक्को देव." आणि ओळीकडे गेले. जिगर म्हणजे यकृत, हे मला मागाहून कळलं.

आम्ही ओसरीवर बसलो. तारामती पोराचे तळवे चोळत होती. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, पण मावशी, कालची अफू तर कालच हागून गेली असंल की. आजच्या दोन वळशांनी असं कसं झालं?

मावशीनं तिला नीट सांगितलं. आधी तिला रागवायचं होतं, ते मी तोंडावरून ओळखलं. पण रागवायलाही जोर लागतो. ती म्हणाली, ह्या रांगेतनंच आलीस न्हवं? गाडी फाटकात आली म्हंजी कापूस सुटला असं हुतंय का? चरकावर जाया पाहिजे, सरकी येगळी, रुई येगळी, मंग गाडी रिकामी. पोटात जिगर हाय, ते चरकाचं काम करतंय. दवा खाल्ली, शिंदी प्याली, अफू चाटली, समदं तिथं सोडवायचं. मोठ्या माणसाचे चरक दिसभर चालतेत. ह्याचा अजून बसवायचं चाललंय. कावीळ कशाची? त्येच्या रगताचाच पिवळा माल त्याला उरकंना. त्या गाड्या आधीच हुब्या. त्यात तू रोज एक आणून लावतीस, तुझी सासू एक लावती. कालची गेली न्हाई, तारामती. कालची परवाच्या मागं हुबी हाय.

"अन् हळद?" केवळाबाईनं विचारलं.

"हळदीनं तुमास्नी दिसलं न्हाई, आत्याबाई. मला बी न्हाई दिसलं."

केवळाबाई पदराच्या टोकानं सिद्धूची कानशिलं पुसत राहिली. पिवळं निघेना.

एका जागी बसून श्वास मोजायचा, याच्याइतकं थकवणारं काम नसेल. मी फार वेळ मोजू शकले नाही. टिचकी, श्वास. टिचकी, श्वास. बोटं दुखली की पोर दुसरीच्या मांडीवर. मावशीच्या मांडीवर असला तेव्हा तिची मान दोनदा लटकली, आणि दोन्ही वेळा ती स्वतःच्या गालावर चापट मारून उठली. मग मला म्हणाली, इशाखा, नकला कर. मी झोपले तर हे पोर बी झोपंल.

मी केल्या. गाडीवानाची केली, बाबांच्या शेठची केली, डॉक्टरसाहेबांची बारीक आवाजात केली. आणखी काही सुचेना तेव्हा तोंडाला पदर म्हणून ओढणी लावून मुकादमाच्या बायकोची केली. 'गप कशी निजतेत' झाल्यावर माझ्या लक्षात आलं की कुणाविषयीचं कुणासमोर बोलले.

मावशीनं ते सगळं ऐकून घेतलं. टिचकी चुकवली नाही.

"इतकी गप निजली असती," ती म्हणाली, "तर म्या अशी दिसले असते का?"

तारामतीला हसू आलं आणि मग तिला ते आवरेना, आणि शेवटी ते हसू राहिलंच नाही. मावशी तिच्याकडे न बघता आपल्या नवऱ्याबद्दल बोलायला लागली. त्याचं उलटं झालं होतं. चरक चांगले दणदणीत, आणि गडी रोज शिंदीच्या गाड्यावर गाड्या आणून लावायचा. वर्षानुवर्षं चाललं. एक दिवस चरक घासून बंद पडले. पोटात पाणी झालं, डोळे असेच पिवळे. "त्यालाबी मी असंच घिऊन बसले व्हते," म्हणाली. "पर त्याचं जिगर म्हातारं. ह्याचं नवं हाय. नवं मशिन हळू चालतंय, पर चालतंय."

डॉक्टरसाहेब ओळ संपवून आले. कानाला नळ्या लावून ऐकलं, श्वास आधीपेक्षा बरा आहे म्हणाले. मग विचारलं, पेशाब किया? नाही म्हटल्यावर मान हलवली. जिगर जे सोडवतं ते शेवटी लघवीवाटे जातं, तेव्हा लघवी झाली की आतलं काम चालू आहे असं समजा, म्हणाले, आणि नमाजाला गेले.

सिद्धू तेव्हा माझ्या मांडीवर होता. ऊन लिंबाच्या मागे गेलं होतं. त्याच्या कपाळाला मधूनमधून एक आठी पडायची आणि पुसली जायची.

"आधी मुतंल," मावशी म्हणाली.

मी म्हटलं, आधी रडेल. आठ्या पडायला लागल्या की लेकरू रडतंच, मला ठाऊक आहे. तिनं पैज मागितली. मी जिंकले तर तिनं मुकादमाच्या बायकोची नक्कल मुकादमाच्या बायकोसमोर करायची. ती जिंकली तर पत्र्याखालच्या सगळ्या लेकरांचे लंगोट उद्या मी धुवायचे. केवळाबाई म्हणाली, पोरीनो, असल्या वक्ताला पैजा लावतेत का? आणि लगेच म्हणाली, माझं बी मुतण्यावरच लावा.

तारामती टिचक्या मारत होती.

मी सिद्धूच्या तोंडावरची नजर हलवली नाही. आठी पडली. या वेळी पुसली गेली नाही. हनुवटी थरथरली, खालचा ओठ बाहेर आला, तोंड चौकोनी झालं. मी बोट वर केलं, आता बघा म्हणून, आणि माझी मांडी ऊनऊन झाली.

रडणं त्याच्या मागून आलं. बारीक, घोगरं, अर्ध्यात तुटणारं. माझ्या तिन्हींपैकी कुठलंच नव्हतं. तारामतीनं कपाळ टेकलं ते माझ्या ओल्या गुडघ्यावरच, आणि तिला ते कळलंही नाही. केवळाबाई सगळ्या देवांची नावं एकामागून एक घ्यायला लागली.

मी म्हटलं, मावशी, दोन्ही एकदमच झालं.

"एकदम न्हाई." तिनं सिद्धूला उचलून तारामतीच्या पदराखाली दिलं. डोळे मिटत आलेले, बोलणं जड. "आधी ऊन लागलं, का आधी ऐकू आलं? खरं सांग."

मी सांगितलं, ऊन लागलं.

"मंग उद्या साबण घिऊन ये," साखराबाई म्हणाली, आणि तिथंच ओसरीच्या फरशीवर हात उशाला घेऊन आडवी झाली. "अन् आधी तुझा परकर धू. लंगोट मागून."